अक्काला कुठं बसवलंत?

मामा, परवाच्या शोकसभेत बालाजीनं तुम्हाला संत म्हटलं. मुखेडचा बालाजी, तुमच्या घरी राहून शिकलेला, आता लातुरात स्वतःचं हॉस्पिटल थाटून बसलेला. माईक हातात धरून म्हणाला, "सरांनी शेवटच्या काळात अहंकार पार सोडून दिला होता. लहान-मोठा हा भेदच त्यांच्यापाशी उरला नव्हता." सगळ्या सभागृहानं माना डोलावल्या. मामींनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. भेद उरला नव्हता हे खरंच आहे. पण सोडून द्यायला तो तुमच्या हातात कुठं होता? कपाळामागचा मेंदू झिजला, त्याच्याबरोबर तोही झिजून गेला. त्याच्या फिल्मा नांदेडला माझ्या दवाखान्यातल्या कपाटात पडून आहेत.

माती दिली त्या दिवशी मी आले होते. आपल्यात माणसाला बसवून माती देतात, तसं तुम्हाला बसवलं. स्वामींनी भस्म लावलं, तुमच्या लेकानं, शिवानं, पहिली मूठ टाकली. मी मागं उभी होते. रडू आलं आणि मी ते अडवलंही नाही. ज्या घरात वाढले त्या घरचा माणूस गेल्यावर रडू येणारच. पण रडतानाही एकच विचार डोक्यात होता, की हा माणूस सुटला. मला जे ऐकवायचं होतं ते न ऐकताच सुटला. म्हणून आता लिहायला बसलेय. मेलेल्या माणसावर राग धरू नये, असं लोक म्हणतील. लोकांचं काय जातं म्हणायला!

आधी जे तुमचं देणं लागते ते सांगून टाकते, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल. भूकंपात बाबा गेले, घर गेलं. आई आणि मी अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. दुसऱ्या दिवशी पावसात, चिखल तुडवत तुम्ही आलात आणि "अक्का, अक्का" म्हणत आईच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडलात. आई तुमची थोरली बहीण. तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलेली. स्वतःचा नवरा ढिगाऱ्यातून काढायचा होता आणि ती तुमचे डोळे पुसत होती. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. माझी दहावी झाल्यावर तुम्ही येऊन मला लातूरला घेऊन गेलात. बाबांकडच्या कुणी तेव्हा साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. हे मी विसरलेले नाही, आणि विसरता येत नाही म्हणूनच जास्त संताप होतो.

त्याच सुमाराला लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या लागत होत्या. मुखेड, नायगाव, उदगीरकडून पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन एसटीतून उतरायची. बाप त्यांना कुणाच्या तरी दारात उभं करून म्हणायचा, "सर, डॉक्टर करून द्या ह्याला." तुमच्याही दारात उभी करायचे. तुम्ही जीवशास्त्र शिकवायचात. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली क्लास, खाली आपलं घर, आणि घरातच राहणारी, जेवणारी पोरं. वरती तुम्ही सर, खाली मामा. निदान माझी तशी समजूत होती.

शिकवायला तुमच्या तोडीचा माणूस मी पुढं कुठल्याच कॉलेजात बघितला नाही, हेही घ्या. मेंदूचा धडा आला की तुम्ही फ्लॉवरचा मोठा गड्डा घेऊन वर्गात यायचात. तो मधोमध चिरून दोन भाग दाखवायचात. संध्याकाळी मामी त्याचीच भाजी करायच्या आणि पोरं म्हणायची, आज मेंदू खाऊन राहिलो. त्या तासाला तुम्ही स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून विचारायचात, "माणूस खोलीत शिरला की आधी काय बघतो? टेबल? खुर्ची? न्हाई. आधी बघतो कोण वर हाय अन कोण खाली. पापणी लवायच्या आत मेंदूनं ठरवून टाकलेलं असतंय. पुस्तकात न्हाई हे, पण लिहून घ्या."

लिहून घेतलं मी. आणि ते खरंही निघालं. पुढं मी मेंदूचीच डॉक्टर झाले, त्यामुळं आज तुमच्यापेक्षा जरा नीट सांगू शकते. माणसांची उतरंड मेंदू कपाळामागच्या भागात मांडतो, साधारण आकडे मांडावेत तशी. तान्ह्या वयापासून त्याला ते येतं. आणि कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते, भीतीची. उतरंड एकदा ठरलेली असली की ही गाठ त्यातल्या त्यात निवांत असते. ती सारखी हलायला लागली की मग खालच्यालाही झोप नाही आणि वरच्यालाही नाही. तुम्ही ती दर आठवड्याला हलवत होतात. भूकंपातून आलेल्या पोरीच्या डोक्यात, दर आठवड्याला.

रविवारी टेस्ट, सोमवारी नवी पंगत. आज हे सांगितलं तर बाहेरचं कुणी खरं मानणार नाही. बाकीच्या क्लासवाल्यांनी पोरांना नंबराप्रमाणं बाकावर बसवलं, तुम्ही जेवायलाही बसवलंत. पहिला नंबर स्वयंपाकघराच्या दाराशी. तव्यावरची भाकरी आधी त्याच्या ताटात. मग दुसरा, तिसरा, असं करत शेवटचा जिन्याखाली, चपलांच्या शेजारी. त्याला टोपलीतली निवलेली भाकरी. आपल्या मठात दासोहाच्या जेवणाला जो येईल तो ज्याच्या-त्याच्या शेजारी मांडी घालून बसतो, मालक-गडी कुणी बघत नाही. तुम्ही स्वतः तिथं वाढायला जायचात. आणि घरी हे! वर आणखी एक नियम: भेटायला आलेल्या पालकानं पोराच्या जागेवर बसून जेवायचं. त्यांनाही कळू दे, म्हणायचात, पोरगं कुठं हाय ते.

मी टेस्टमध्ये मागं का पडायचे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. रस्त्यानं ट्रक गेला की वरचे पत्रे थरथरायचे. मी पेपर तसाच टाकून जिना उतरून रस्त्यावर पळायचे. पाय आपोआप पळायचे, माझ्या हातात काही नसायचं. बाकीची पोरं हसायची. तुम्ही हसायचा नाहीत, पण पेपर काढून घ्यायचात. "भूकंप संपला, शैले," म्हणायचात. "आता नंबराचं बघ."

आणि मग तो सोमवार. आई न सांगता आली. शेडमधल्या चुलीवर केलेले धपाटे फडक्यात बांधून आणले होते, तुमच्यासाठीच. पोरं पंगतीला बसत होती. आई हात-पाय धुऊन आत स्वयंपाकघराकडं निघाली तर तुम्ही तिला थांबवलंत.

"अक्का, तिकडं न्हाई. शैला जिथं, तिथं."

आईला आधी समजलंच नाही. "आरं, मी वैनीजवळ बसते की. भाकरी थापू लागते."

"नियम हाय, अक्का. पोरीचा नंबर तोच आईचा नंबर. उद्या दुसऱ्यांच्या मायबापाला मी काय तोंडानं सांगू?"

बालाजी तेव्हा पहिला असायचा. तो ताटावरून उठला. "मावशी, तुमी इथं बसा, मी बसतो तिकडं." हाच बालाजी, मामा. तेव्हा संत कोण आहे हे त्याला कळत होतं. तुम्ही त्याच्यावर ओरडलात, "बस खाली! कमावलेली जागा हाय तुझी."

आई हसली. "बरं बरं. नियम म्हंजे नियम," असं म्हणाली. जिन्याखाली आली, माझ्या शेजारी टेकायला जागा नव्हती म्हणून तिथल्या चपला हातानं सरकवल्या. त्या जोडीजोडीनं लावल्या. मग तोच हात पदराला पुसला आणि निवलेली भाकरी मोडली. तुमची बहीण. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, वर्षापूर्वी ज्या बाईच्या गळ्यात पडून तुम्ही रडलात ती. समोर वीसएक परकी पोरं तिच्याकडं न बघण्याची धडपड करत होती. मामींची भाकरी तव्यावर करपली, तेवढाच काय तो त्या घरानं केलेला निषेध.

एसटी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मामावर राग धरू नकोस. त्याचं खरं हाय. तू मागं पडलीस म्हणून मी मागं बसले." पुन्हा ती लातूरला आली नाही. कधी शेत होतं, कधी कंबर दुखत होती. माझ्या बारावीच्या निकालाला नाही, शिवाच्या लग्नाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी भांडले होते, आठवतं? आयुष्यात तेवढं एकदाच. मी म्हटलं, आईचा काय संबंध? तुम्ही शांतपणे समजावून सांगितलंत, वर्गात समजावता तसं. "उतरंड नसली की माणूस सैरभैर होतो. शेडमध्ये बघितलंस ना? कुणाचा कुणाला मेळ न्हाई." मी म्हटलं, शेडमध्ये टँकरच्या रांगेत पाटलीणबाई आईच्या मागं घागर घेऊन उभ्या राहायच्या आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. उलट त्या दोघींनी एकमेकींची लुगडी धुतली. तुम्ही म्हणालात, "आणि नवीन गावाच्या घरांची यादी लागली तेव्हा?" यादीत ज्याची जमीन मोठी त्याला मोठं घर, भूमिहीनाला छोटं, आणि त्या घरांच्या ओळीही वेगवेगळ्या. पाटलीणबाई परत दुरून बोलायला लागल्या. तुमचं निम्मं खरं होतं. माणसाच्या डोक्यात उतरंड असते, ती पडली तरी पुन्हा रचली जाते. पण ती रचताना आपल्या बहिणीला कुठं ठेवायचं, हे तर तुमच्या हातात होतं ना? हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं तेव्हा तुम्ही ऐकण्यासारखे राहिला नव्हता.

पुण्याला शिकायला गेलात तेव्हा तुमच्या 'व्हय' आणि 'न्हाई'ला सगळा वर्ग हसायचा, मेसमध्ये तुमच्या टेबलावर कुणी बसायचं नाही, हे मला मामींनी पुढं कधीतरी सांगितलं. सांगितलं म्हणजे तुमची बाजू मांडली. मी ऐकून घेतलं. ज्याला चटका बसलाय त्याला आग काय असते ते कळायला हवं, एवढंच माझं त्यावर म्हणणं आहे.

मग मी नंबर काढले. ट्रक जायचे, पत्रे वाजायचे, मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून पेपर लिहायचे. स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचले. तुम्ही स्वतःच्या हातानं माझ्या भाकरीवर तूप वाढलंत आणि म्हणालात, "आता बोलव अक्काला." मी बोलावलं नाही. मी मनात तुमच्यासाठी एक प्रसंग रचत होते. कधीतरी तुम्ही माझ्या दारात याल, मी तुम्हाला सगळ्यांच्या शेवटी बसवीन, आणि तुम्हाला ते कळेल. ते कळणंच मला हवं होतं. डॉक्टर झाले, नांदेडला दवाखाना टाकला, लग्न, पोरं सगळं झालं, आणि तो प्रसंग मी मनात जपून ठेवला.

शेवटी शिवाचा फोन आला. "ताई, पप्पा लई बदलून गेलेत." रिक्षास्टँडवर रिक्षावाल्यांच्यात बसून त्यांच्याच कपातला चहा पितात. क्लासच्या शिपायाला साहेब म्हणतात. मोठा अधिकारी घरी आला तर त्याला "ए पोरा, सरक" म्हणाले. झाडूवाल्या बाईच्या डब्यातली भाकरी न विचारता उचलून खाल्ली, तिच्याच शेजारी बसून. शिवा म्हणाला, "लोक म्हणून राहिलेत, सरांना वैराग्य आलं. पाया पडायला येऊन राहिलेत." लातूरच हो ते! सगळं गाव डॉक्टर घडवतं आणि समोरचा आजार दिसला की त्याला हार घालतं. मी म्हटलं, घेऊन ये.

कंपाउंडरला सांगून ठेवलं होतं, यांना सगळ्यात शेवटी सोड. दाराच्या काचेतून मी बघत होते. तुम्ही आनंदात होतात. कुणीतरी दिलेला पेरू खात होतात. मागून आलेल्यांना "जावा, जावा तुमी" म्हणत आत पाठवत होतात. एका म्हाताऱ्याच्या वहाणा पायात घालून चालून बघितल्यात. आणि तुमची पाळी आली तेव्हा आत येऊन सरळ माझ्या खुर्चीत बसलात. मी पेशंटच्या स्टुलावर बसून तुम्हाला तपासलं. इतकी वर्षं राखून ठेवलेली शेवटची जागा, आणि तुम्हाला ती जागा आहे हेच कळेना.

फिल्म बघितली आणि उरलंसुरलं कळलं. कपाळामागचा भाग आटला होता. जिथं माणूस स्वतःला इतरांच्यात कुठंतरी ठेवतो, जिथं लाज वाटते, नेमका तो. तरीही मी विचारलं. शिवाला बाहेर पाठवून विचारलं, "मामा, आईला तुम्ही चपलांपाशी बसवलं होतं. आठवतं?"

तुम्ही मन लावून ऐकलंत. मग हसलात. "चपलांपाशी व्हय? मंग बरं झालं की. दारापाशी वारं लागतंय."

मी उठून हात धुतले. बराच वेळ धुतले.

तुमच्या विद्यार्थ्यांनी लातुरात सत्कार ठेवला तेव्हा मी मुद्दाम आले. तुम्हाला शाल घातली, फेटा बांधला, एकजण म्हणाला सर आता शिवशरण संतांच्या पंक्तीत जाऊन बसले. मग मला बोलायला बोलावलं आणि मी सांगून टाकलं. हे वैराग्य नाही, आजार आहे. मेंदूचा पुढचा भाग वाळला की माणूस असा होतो, चोर असो की सर असो. यात त्यांचं पुण्य काही नाही. शिवा नंतर म्हणाला, "ताई, चारचौघांत एवढं कशाला?" डॉक्टरनं पेशंटचं चारचौघांत सांगू नये हे मला समजतं. भाचीनं सांगावं की नाही ते मी माझं ठरवलं होतं. तुम्हाला फुकटचं संतपण मिळू द्यायचं नव्हतं मला. मी खाली उतरले तेव्हा सगळ्या हॉलमध्ये तुम्ही एकट्यानं टाळ्या वाजवल्यात. आणि तरी परवा बालाजीनं तेच म्हटलं. तो मेंदूचा डॉक्टर नसला तरी डॉक्टर आहे, त्याला कळत नाही असं नाही. त्याला कळून घ्यायचं नाही. तुम्हीच घडवलेला ना!

मी तुम्हाला त्यानंतरही औषधं दिली. मामी आजारी पडल्या तेव्हा तुम्हाला नांदेडला माझ्याच घरी आणलं. आई माझ्याकडंच असते आता, तुम्हाला आणायचा तिनंच हट्ट धरला. ऐंशीला टेकलेली बाई, स्वतःला धड चालता येत नाही, आणि वरणात भाकरी कुस्करून तुम्हाला भरवायची. एका दुपारी तुम्ही घास तोंडात तसाच धरून तिच्याकडं बघत राहिलात.

"तुमी कोण वं?"

"बहीण हाय रे तुझी."

"मोठी का धाकटी?"

आईनं वाटी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, जसा ती थोरल्यांसमोर ओढते.

"धाकटी," ती म्हणाली. "तू मोठा हाईस."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, मोठी आहेस तू! त्यांना कडेवर घेऊन फिरलीस ना?"

"राहू दे गं. बरं वाटतंय त्याला."

"त्यांना काहीच वाटत नाही, आई. ते वाटायला मेंदूच राहिलेला नाही तिथं."

ती वाटी उचलत म्हणाली, "मंग मला बरं वाटतंय."

मामा, तुम्ही तोंड उघडलंत आणि तिनं पुढचा घास दिला. तुमच्या डोक्यातली उतरंड आजारानं पाडली. तिच्या डोक्यातली शाबूत आहे, भक्कम आहे, आणि तिच्यात ती स्वतःला सगळ्यात खाली ठेवते, कुणी सांगायच्या आत. तुमचा आजार मी ओळखला होता, त्याला नाव होतं. तिच्या या दुखण्याला माझ्याकडं नाव नाही आणि औषधही नाही. ती रोज सकाळी तुमच्या फोटोसमोर हात जोडते आणि मला म्हणते, तूही जोड. मी जोडत नाही.